घरघंटी बंद पडली आणि ऑनलाइन दुकानाने हात वर केले, तर

सुदामानगरातल्या एका ताईंचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. त्यांनी दिवाळीच्या तोंडावर एका ऑनलाइन दुकानातून साडेसतरा हजारांची घरघंटी मागवली. घरचं दळण व्हावं आणि ओळखीतल्या पंधरा-वीस घरांना भाजणी, मेतकूट करून देता यावं, असा हिशेब होता. चौथ्या महिन्यात मोटरमधून जळका वास यायला लागला आणि एके दिवशी ती भाजणी दळता दळता बंद पडली. दुकान म्हणतं, दहा दिवसांची परतीची मुदत केव्हाच संपली, आता कंपनीकडे जा. कंपनीचा कारागीर येऊन गेला आणि म्हणाला, तुम्ही ही धंद्याला वापरता, वॉरंटी लागू नाही, नव्या मोटरचे ५,२०० रुपये भरा. ताई विचारतात, आता पैसे भरून मोकळं व्हावं का?

ताई, आत्ता पैसे भरू नका. भरल्यावर काही करता येत नाही असं नाही, पण जळलेली मोटर कारागीर घेऊन जातो आणि तुमचा सगळ्यात मोठा पुरावा त्याच्या पिशवीतून निघून जातो. मी २२ वर्षं इंदूरच्या ग्राहक आयोगात वकिली करते. 'फोरम' म्हणायचे तेव्हापासूनची प्रकरणं पाहिली आहेत. हरलेल्या प्रकरणांपैकी बरीचशी कायद्यावर हरलेली नाहीत. पहिल्या पंधरा दिवसांत जे लिहून ठेवायला हवं होतं ते लिहिलं नाही, किंवा जिथे सही करायची नव्हती तिथे केली, म्हणून हरली. तुमचे पंधरा दिवस अजून हातात आहेत.

आधी त्या दहा दिवसांचं पाहू, कारण सगळी टोलवाटोलवी तिथूनच सुरू होते. परतीची मुदत ही दुकानाने आपणहून दिलेली सोय असते. रंग आवडला नाही, ओट्याखाली बसली नाही, मन बदललं, तरी दहा दिवसांत परत घेऊ, एवढाच तिचा अर्थ. माल सदोष निघाला तर काय, याचं उत्तर दुकानाच्या अटींत नाही, ते ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये आहे. हा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याने १९८६ चा जुना कायदा बदलला. ऑनलाइन खरेदी करणाराही ग्राहकच, हे त्यात स्पष्ट लिहिलं आहे. दोषाची व्याख्याही रुंद आहे. कायद्याने किंवा कराराने जो दर्जा हवा त्यातली उणीव म्हणजे दोष, आणि विकणाऱ्याने जे सांगून माल विकला त्यात कमी पडणं हाही दोष. तक्रार दाखल करायला कारण घडल्यापासून दोन वर्षं मिळतात. दहा दिवस कुठे आणि दोन वर्षं कुठे!

कायदा लागू झाला त्याच महिन्यात, २३ जुलै २०२० ला, ई-कॉमर्सचे वेगळे नियम आले. माल सदोष किंवा बनावट असेल, जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही, असं ते सांगतात. हा नियम दुकानाला लिहाल त्या पहिल्या पत्रातच यायला हवा.

इथे एक खाच आहे, ती आधीच सांगून ठेवते, कारण समोरचा वकील तीच दाखवणार. सदोष माल परत न घेणं ही कायद्याने 'अनुचित व्यापार प्रथा' आहे, पण त्या कलमात बिलावर लिहिलेली मुदत, आणि ती लिहिलेली नसेल तर ३० दिवस, असे शब्द आहेत. म्हणजे चार महिन्यांनी फक्त त्या एका कलमावर उभं राहिलात तर पाय घसरेल. तुमच्या तक्रारीचा कणा 'मालात दोष' आणि 'सेवेत कमतरता' हा ठेवा. दोष सिद्ध झाला की दुरुस्ती, बदली वस्तू, किंमत परत आणि नुकसानभरपाई यांपैकी योग्य तो आदेश आयोग देऊ शकतो. त्याला दहा दिवसांची किंवा ३० दिवसांची वेस नाही.

आता जबाबदार कोण? ऑनलाइन दुकानं दोन प्रकारची असतात आणि बहुतेकांना आपण कोणाकडून घेतलं हेच ठाऊक नसतं. काही स्वतःचा माल स्वतः विकतात. बाकीची बाजारपेठ चालवतात. ॲप त्यांचं, पण माल तिथे गाळा मांडून बसलेल्या कोणा तिसऱ्याचा. दुसऱ्या प्रकारात ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त जागा दिली. काही अंशी कायदाही त्यांना ते म्हणू देतो, पण त्यांचीही कर्तव्यं आहेत. विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं, परतावा आणि वॉरंटीची माहिती देणं, प्रत्येक तक्रारीला क्रमांक देणं, तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क जाहीर करणं, ही त्यातली काही. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत पोहोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. तुम्ही आजवर ज्यांच्याशी चॅटवर बोललात ते हे अधिकारी नव्हेत. ॲपच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत त्याचं नाव सापडेल. पत्र त्याच्याच नावे जायला हवं.

मग बिल उघडा. ॲपवर दिसतं ते ऑर्डरचं पान नव्हे, करपावती. 'विक्रेता' म्हणून जे नाव आहे ते वाचा आणि खाली १५ अक्षरी जीएसटी क्रमांक शोधा. त्याचे पहिले दोन आकडे राज्य सांगतात: २३ म्हणजे आपला मध्य प्रदेश, २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, ०७ दिल्ली, २९ कर्नाटक. तो पूर्ण क्रमांक जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर 'करदाता शोधा' मध्ये टाका. व्यवसायाचं कायदेशीर नाव, नोंदणी चालू आहे की रद्द झाली, आणि मुख्य ठिकाणाचा पत्ता पुढे येतो. गेल्या वर्षी एका गृहस्थांनी अर्धा दिवस ॲपवर विक्रेत्याचा पत्ता शोधला होता. मी त्यांना हे दाखवलं तेव्हा दोन मिनिटांत काम झालं. पत्ता चुकला की नोटीस परत येते आणि प्रकरण महिनोनमहिने त्याच पानावर अडकून राहतं.

तक्रारीत विक्रेता, ॲप चालवणारी कंपनी आणि घरघंटी बनवणारी कंपनी या तिघांनाही पक्षकार करा. कोणाची किती जबाबदारी ते आयोग ठरवील. तुम्ही एकालाच धरलंत तर तो उरलेल्या दोघांकडे बोट दाखवणार आणि ते दोघे तिथे हजरच नसणार.

आता मूळ मुद्द्यावर येते: 'तुम्ही धंद्याला वापरता'. तुम्ही बहुधा याच वाक्याने गप्प झालात, म्हणून यावर जरा थांबते. यात दोन वेगळे प्रश्न एकात मिसळले आहेत.

पहिला प्रश्न, तुम्ही कायद्याच्या दृष्टीने ग्राहक आहात का? व्यापारी हेतूने माल घेणारा ग्राहक नसतो, हे खरं. पण स्वतः राबून, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत, असं कायदाच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे नीट उलगडून सांगितलं आहे. टाइपरायटर घेऊन स्वतः लोकांची टायपिंगची कामं करणारा माणूस ग्राहकच राहतो. २०१९ मध्ये लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितलं की खरेदीचा मुख्य हेतू काय होता आणि नफा कमावण्याच्या कामाशी तिचा थेट संबंध होता का, ते प्रत्येक प्रकरणात पाहावं लागेल. तुमची घरघंटी मुख्यतः घरच्या दळणासाठी आली. महिन्यातून काही किलो भाजणी तुम्ही स्वतः भाजता, स्वतः दळता आणि ओळखीच्यांना देता. एवढ्याने तुमचं ग्राहकपण जात नाही, असं माझं मत आहे आणि ते मी आयोगासमोर ठामपणे मांडीन.

दुसरा प्रश्न वॉरंटीच्या कार्डावरच्या 'फक्त घरगुती वापरासाठी' या अटीचा. ही अट खरी आहे आणि ती दुर्लक्षून चालणार नाही. पण मशीन कुठल्या ओट्याखाली होतं एवढं सांगून कंपनी सुटत नाही. मोटर जळली ती जास्त वापरामुळे, हे तिने दाखवायला हवं. माहितीपुस्तिकेत किती वेळ सलग चालवावी, किती वेळ थंड होऊ द्यावी ते लिहिलेलं असतं. तुम्ही त्या मर्यादेत होतात का? कारागिराने मोटरचं काय मोजलं? वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या आतलं तारेचं गुंडाळं, तपासलं, की स्वयंपाकघरातल्या भाजणीच्या पुड्या पाहून निष्कर्ष काढला? भाजणीत धान्य भाजलेलं, कोरडं असतं. ओलं धान्य दळल्याने जाळी चोंदून मोटरवर ताण येतो, हे सबळ कारण झालं असतं, पण इथे ते लागू पडत नाही. हे तुम्ही सांगितलंत तर तांत्रिक उत्तर त्यांना द्यावं लागेल.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. वापर लपवू नका. शपथपत्रात 'फक्त घरचं दळण' असं लिहाल आणि समोरचा पक्ष तुमच्या भाजणीच्या संदेशाचा फोटो दाखवील, तर खरी बाजूही खोटी वाटायला लागेल. दर महिन्याला साधारण किती किलो दळता ते आजच एका कागदावर मांडा: घरचे गहू, ज्वारी इतके, भाजणी इतकी. आकडा लहान असेल तर तोच तुमचा युक्तिवाद आहे. तुम्ही रोज सहा तास दुकानांसाठी दळत असता, तर माझं उत्तर वेगळं असतं आणि तेही मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं असतं.

आता तो कारागीर येऊन गेला तेव्हाचं. त्याने जॉबशीट, म्हणजे काय तपासलं आणि काय आढळलं त्याच्या नोंदीचा कागद, भरली असेल. तुमच्याकडे त्याची प्रत आहे का? तुमच्या प्रश्नात तिचा उल्लेख नाही, म्हणून मला काळजी वाटते. काही कंपन्या आता कागद देतच नाहीत, फोनवर एक आकडा (ओटीपी) येतो, तो सांगितला की तक्रार 'ग्राहकाच्या संमतीने बंद' अशी नोंदली जाते. तो आकडा म्हणजे तुमची सही आहे. काम झालेलं नसताना तो देऊ नका. दिला असेल तर त्याच दिवशी ईमेल करून लिहा की दुरुस्ती झालेली नाही, तक्रार चुकीने बंद केली आहे, ती पुन्हा उघडा आणि जॉबशीटची प्रत पाठवा.

जॉबशीट किती बोलते ते सांगते. रामबागेतले एक आजोबा श्रवणयंत्राची तक्रार घेऊन आले होते. सहा महिन्यांत तीनदा दुरुस्तीला गेलं, चौथ्यांदा सेवाकेंद्राने 'पाणी गेलं, वॉरंटी नाही' म्हणून परत पाठवलं. त्यांच्या मूळ जॉबशीटवर निळ्या शाईने 'लिक्विड डॅमेज' पुढे खूण होती. आजोबांनी मात्र कार्बनची प्रत जपून ठेवली होती, घडी घालून औषधांच्या डबीत. त्या प्रतीवर बाकी सगळं उमटलं होतं, सहीसुद्धा, ती एक खूण तेवढी नव्हती. म्हणजे ती सहीनंतर केलेली होती. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि मला फारसं काही बोलावं लागलं नाही.

म्हणून यापुढे कारागीर आला तर चार गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहा: तारीख, मशीनचा सिरीयल नंबर, तुम्ही सांगितलेली तक्रार तुमच्याच शब्दांत लिहिली आहे का, आणि त्याने काढलेलं कारण. कारण पटलं नाही तर सहीच्या वर 'हे कारण मान्य नाही' असं लिहून मगच सही करा, हिंदीत लिहा, मराठीत लिहा, चालेल. मग लगेच फोटो काढा. तो काम करत असताना फोनवर चित्रीकरण केलंत तर उत्तम, फक्त त्याच्याशी सौजन्याने वागा. तो बिचारा नोकरी करतो, नकाराचा निर्णय त्याचा नसतो.

आणि महाराणी रोडवरच्या ओळखीच्या मेकॅनिककडून मोटर उघडून घेण्याचा मोह आवरा. तो माणूस कंपनीच्या कारागिरापेक्षा जाणकार असेलही, पण सील तुटलं की 'बाहेरच्या माणसाने हात लावला' हे एक वाक्य त्यांना आयतं मिळतं. त्याचं मत हवंच असेल तर आधी कंपनीला लिहून कळवा की अमुक तारखेला तपासणी करून घेत आहोत, तुमचा माणूस पाठवा. मग न उघडता जे सांगता येईल ते त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या. प्रकरण आयोगात गेलं आणि दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. तपासणीचं शुल्क बहुधा आधी तुम्हाला भरावं लागतं.

आजच्या आज करण्यासारखं आणखी एक. ज्या पानावरून घरघंटी घेतली ते पान ॲपवर उघडा आणि वरपासून खालपर्यंत स्क्रीनशॉट काढा. 'ताशी इतके किलो', 'भाजणी, बेसन, मसाले सगळं दळा', 'मोटरवर इतकी वर्षं वॉरंटी' अशी वाक्यं तिथे असतात आणि तक्रार गेली की पान बदलतं. जाहिरातीत भाजणीचं नाव असेल तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं. खोका अजून असेल तर त्यावरची छपाईही टिपून ठेवा, उत्पादकाचं नाव-पत्ता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, ग्राहक संपर्क. पॅकबंद मालावर हे छापणं कायद्याने बंधनकारक आहे. विक्रेता 'अधिकृत' नाही म्हणून वॉरंटी नाही, असा पवित्रा पुढे कंपनीने घेतला, तर त्या वेळी हा खोका कामाला येईल.

पत्र लांब नको. तिघांनाही एकच ईमेल जाऊ द्या, आणि छापील प्रत जीपीओतून, म्हणजे मुख्य पोस्टातून, स्पीड पोस्टने. वितरण झाल्याची नोंद संकेतस्थळावर दिसते, ती काही काळाने निघून जाते, तेव्हा वेळेत छापून ठेवा. मजकूर साधारण असा:

'अमुक तारखेला, अमुक बिलाने, साडेसतरा हजारांना घरघंटी घेतली, सिरीयल नंबर अमुक. अमुक तारखेला मोटरमधून जळका वास येऊन ती बंद पडली. अमुक तारखेला तक्रार नोंदवली, क्रमांक अमुक. आपल्या माणसाने मोटरची कोणतीही मोजणी न दाखवता वॉरंटी नाकारली. वापर माहितीपुस्तिकेच्या मर्यादेत होता. माल सदोष आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत मोटर विनामूल्य बदलून द्यावी. ते शक्य नसेल तर घरघंटी बदलून द्यावी किंवा पूर्ण किंमत परत करावी. नकार असल्यास त्याचं तांत्रिक कारण आणि तपासणी अहवाल लेखी द्यावा. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करेन.'

शिव्याशाप नकोत, 'फसवे', 'चोर' असे शब्द नकोत. तुमच्या रागाचं कारण मला कळतं, पण हे पत्र पुढे आयोगाचे सदस्य वाचणार आहेत. शेवटून दुसरं वाक्य, लेखी कारण मागणारं, त्यातलं सगळ्यात मोलाचं. कंपनीने अहवाल दिला तर आपल्याला तो तपासता येतो, दिला नाही तर 'मागूनही दिला नाही' हे सांगता येतं.

पत्र पाठवलं की १९१५ वर फोन करा. ही केंद्र सरकारची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. मराठीतही बोलता येतं. तिथे तक्रार क्रमांक मिळतो आणि तक्रार कंपनीच्या वरच्या पातळीवर जाते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, ती समजूत घालते. तरीही मी प्रत्येकाला आधी हेच करायला सांगते, कारण किरकोळ रकमेच्या तक्रारीत कंपनीला वाद वाढवण्यापेक्षा मोटर देणं स्वस्त पडतं आणि पुष्कळदा इथेच सुटका होते. फक्त एवढंच लक्षात ठेवा, हेल्पलाइनवर कितीही खेटे घातले तरी दोन वर्षांचं घड्याळ त्यामुळे थांबत नाही. मी ती मुदत नेहमी बिलाच्या तारखेपासून मोजते, म्हणजे वादाला जागाच राहत नाही.

१५ दिवस गेले, उत्तर नाही किंवा नकार आला, तर जिल्हा आयोग. इथे कायद्याने आपल्यासारख्यांवर खरोखर उपकार केले आहेत. जुन्या कायद्यात समोरचा पक्ष जिथे राहतो, जिथे त्याची शाखा आहे किंवा जिथे कारण घडलं, तिथे जावं लागे, आणि ऑनलाइन खरेदीत कारण नेमकं कुठे घडलं यावरच तारखांमागून तारखा जात. आता तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते. विक्रेता कुठल्याही राज्यात असो, तुमचं प्रकरण इंदुरात चालेल. अटींमध्ये 'फक्त अमुक शहरातील न्यायालये' असं लिहिलेलं असलं तरी घाबरू नका. लवादाची, म्हणजे वाद न्यायालयाऐवजी खासगी पंचाकडे नेण्याची, अट असली तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये एमार एमजीएफच्या प्रकरणात पक्कं केलं आहे.

मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि पाच लाखांपर्यंत कोर्ट फी शून्य. तक्रार ऑनलाइनही दाखल होते. १ जानेवारी २०२५ पासून त्यासाठी 'ई-जागृती' हे पोर्टल आहे. वकील लावलाच पाहिजे असं नाही. साडेसतरा हजारांसाठी वकिलाची फी देणं परवडतं का ते आधी पाहा. मसुदा कोणाकडून तपासून घ्या आणि स्वतः उभ्या राहा, असंच मी बहुतेकांना सांगते. व्हिडिओवरून सुनावणीसाठी अर्जही करता येतो.

आपल्याकडच्या कागदांच्या भाषेबद्दल थोडं. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांनी पाठवलेला नमुना जसाच्या तसा वापरू नका. तिकडे 'तक्रारदार' आणि 'सामनेवाले' लिहितात, इथे हिंदीत काम चालतं, तक्रारीला 'परिवाद' म्हणतात, तुम्ही 'परिवादी' आणि समोरचे 'अनावेदक' किंवा 'विपक्षी'. एखादा पुरावा मराठीत असेल, म्हणजे भाजणीचा हिशेब किंवा मैत्रिणीशी झालेले संदेश, तर त्याचं हिंदी भाषांतर सोबत जोडा. ईमेल, चॅट, स्क्रीनशॉट यांच्या छापील प्रती द्यायच्या तर इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र जोडलेलं बरं. जुलै २०२४ पासून ते भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली करतात. आयोग पुराव्याच्या नियमांत फार ताणत नाही, पण हरकतीला जागा कशाला ठेवायची?

तक्रार स्वीकारायची की नाही हे साधारण २१ दिवसांत ठरायला हवं. नोटीस मिळाल्यावर समोरच्यांना उत्तरासाठी ३० दिवस, आणि फार तर आणखी १५ मिळतात. ४५ दिवसांनंतर उत्तर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये सांगितलं. म्हणून नोटीस कोणाला, कोणत्या तारखेला मिळाली याची नोंद ठेवा. निकालासाठी कायद्यात तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात. किती लागतील हे सांगून मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. मध्येच आयोग मध्यस्थीला पाठवण्याबद्दल विचारील. जरूर जा. घरघंटीसारख्या वादात मध्यस्थीतून नवी मोटर आणि वाढीव वॉरंटी मिळत असेल तर ती घ्यावी, असं माझं मत आहे.

मागणी किती करावी? लोक मानसिक त्रासाचे पाच लाख लिहून आणतात. त्याने प्रकरण वजनदार होत नाही, उलट तुमची खरी मागणी त्याखाली दबते. दुरुस्ती किंवा किंमत, त्यावर व्याज, त्रासाबद्दल काही हजार आणि खर्च, एवढं मागा. माझ्या पाहण्यात व्याज बहुधा सहा ते नऊ टक्क्यांच्या आसपास मिळतं. आदेश होऊनही पैसे आले नाहीत, तर अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. आदेश न पाळणाऱ्याला एक महिना ते तीन वर्षं कैद, किंवा २५,००० ते एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. हा अर्ज दाखल झाला की कंपन्यांचे चेक लवकर येतात, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

हप्त्यांवर घेतली असेल तर हप्ते थांबवू नका. कर्ज बँकेचं असतं, ते थकलं की तुमचंच पतमानांकन बिघडतं. वाढीव वॉरंटी वेगळे पैसे देऊन घेतली असेल तर तो वेगळा करार आहे, त्याचं कागदपत्र काढा आणि त्या कंपनीलाही पक्षकार करा. आणि कोणी 'प्रॉडक्ट लायबिलिटी' चा दावा करा म्हणून सुचवलं तर ऐकू नका. ते प्रकरण सदोष वस्तूमुळे माणसाला इजा झाली किंवा दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर लागू होतं, खुद्द वस्तू बिघडली एवढ्यासाठी नाही. मोटर पेटून तुमचा हात भाजला असता किंवा ओटा जळला असता, तर मीच ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं. त्या जळक्या वासाच्या वेळी वायर किंवा प्लग वितळला आहे का, तेवढं मात्र पाहा. वितळला असेल तर फोटो काढा आणि पत्रात त्याचा उल्लेख करा.

तोवर घरघंटीचा प्लग काढून ठेवा, ती पुन्हा चालू करून पाहू नका. मागच्या बाजूला सिरीयल नंबरचं जे स्टिकर आहे ते पिठाच्या धुळीने आणि पुसण्याने फिकट होतं, त्याचा आजच फोटो घ्या. जॉबशीट मागवा, ती हातात आली की तिच्यावर कारण म्हणून नेमकं काय लिहिलं आहे ते मला शब्दशः कळवा, 'व्यावसायिक वापर' की 'मोटर जळाली'. या दोहोंत फार फरक आहे आणि तुमच्या पत्रातलं चौथं वाक्य त्यावरून बदलावं लागेल.